धाकटीच्या स्कूटरचा बंदोबस्त

२ जुलै, सकाळी ११

धाकटी बहीण ट्रेनिंगला गेली. दुसरं शहर, अडीच महिने. जाताना स्कूटर आमच्या आवारात लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, दादा, फार काही करू नकोस, अधूनमधून एक फेरी मार म्हणजे बास.

फार काही करू नकोस, हे ती कोणाला सांगते आहे? मी वस्तुसंग्रहालयाचा भांडारपाल आहे. अठरा वर्षांत माझ्या ताब्यातली एक वस्तू इकडची तिकडे झालेली नाही. एक पितळी चमचा सोडून, आणि तो उंदराने नेला हे चौकशीत सिद्ध झालं आहे. चौकशी मीच केली होती.

स्कूटर लिंबू रंगाची, अजून नवी कोरी. धाकटी फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना उठवते, बसवते, चालवते. तिचे बहुतेक पेशंट टेकडीवर राहतात आणि तिथे बस जात नाही. म्हणजे स्कूटर नाही तर काम नाही. तिच्या स्वतःच्या कमाईतली ही पहिली मोठी वस्तू. मला अगदी भरून आलं. योग्य माणसाच्या हाती पडली आहे.

फेरीबिरी मारणार नाही. वापर हा वस्तूचा सगळ्यात मोठा शत्रू, हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

२ जुलै, दुपारी ४

जागेची पाहणी. आवारावर छप्पर नाही. पाऊस थेट, ऊन थेट, वर कबुतरांची वळचण. झाकलेली एकच जागा आहे, जिन्याखाली. तिथे खालच्या मजल्यावरच्या काकांचं कपाट. काका निवृत्त हेडमास्तर. कपाटात काय आहे, विचारलं. काही नाही, म्हणाले. मग हलवू या का, विचारलं. नाही, म्हणाले.

शत्रू कोण कोण ते वहीत लिहून काढलं: ऊन, पाऊस, कबुतरं, चोर, काका.

संकल्प: २० सप्टेंबरला धाकटी परत येईल तेव्हा गाडी आत्ता आहे त्याहून नवी असेल.

३ जुलै

कव्हर आणलं. दुकानदार स्कूटरचं दाखवत होता, मी मोटारीचं घेतलं. संरक्षणात काटकसर करायची नसते. बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि आत झोपायला किती जणांची सोय आहे असं विचारलं.

तिला प्रिझर्वेशनमधलं काही कळत नाही. पंधरा वर्षं माझ्याबरोबर राहून कळलेलं नाही म्हणजे आता कळणार नाही.

५ जुलै

सकाळी वारा सुटला. कव्हरमध्ये हवा भरली, ते सुटलं आणि गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या काकांवर जाऊन पडलं. काकांचं म्हणणं, डोळ्यांपुढे एकाएकी अंधार आला, तेव्हा वाटलं आपला कारभार आटोपला. अतिशयोक्ती करतात. फार तर दोन मिनिटं आत होते.

नोंद: कव्हर फाटलेलं नाही. माल उत्तम.

संध्याकाळी दोरीने बांधलं. अकरा गाठी. आमच्याकडे मूर्ती बाहेरगावी पाठवताना मारतात तशा.

९ जुलै, सकाळी ८

गाठी सोडायला पन्नास मिनिटं लागली. ऑफिसला उशीर. पण आत बघितलं ते बरं झालं. कव्हरच्या आतून पाणी ठिबकत होतं आणि सीटवर पांढरी बुरशी. म्हणजे पाऊस बाहेर ठेवला तर ओल आत तयार होते. कव्हर काढलं तर पाऊस येतो. बायको म्हणाली, चालवली तर वाऱ्याने सुकेल. भाबडी आहे.

उपाय मला माहीत आहे. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या असतात ना, त्या. चपलांच्या दुकानदाराशी बोलून चौसष्ट मिळवल्या. डिकीत, सीटखाली, पाय ठेवतात तिथे, आरशांच्या मागे. ओल मोजायचं यंत्रही आणलं. दिवसातून तीनदा रीडिंग घेणार.

१० जुलै

दोनदा घेतलं. दुपारी ऑफिसात होतो. अंदाजाने लिहिलं.

१३ जुलै

पलीकडच्या गल्लीतून सायकल चोरीला गेली. मला कधीपासून वाटतच होतं.

संध्याकाळी बंदोबस्त पक्का केला. पुढच्या चाकाला कुलूप, मागच्या चाकाला कुलूप, आणि जाडजूड साखळीने स्कूटर भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपाला बांधली. आता ती न्यायची तर इमारत घेऊन जावं लागेल. किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. छान वजन लागतं.

१७ जुलै

आज तो पाइप फुटला. प्लंबर सकाळी दहाला आला. पाइप काढायचा तर साखळी काढायला हवी, साखळीची किल्ली माझ्याकडे, आणि मी भांडारात, जिथे मोबाइल चालत नाही. पाचही बिऱ्हाडं संध्याकाळी सहापर्यंत पाण्यावाचून. मी फाटकातून आत आलो तर सगळे रिकाम्या बादल्या घेऊन रांगेत उभे. माझ्याच स्वागताला, असं क्षणभर वाटलं.

लोक जे बोलले ते लिहीत नाही. पण मुद्दा कोणाच्या लक्षात आला नाही तो लिहितो. हातोडी, करवत, पाना सगळं जवळ असलेल्या माणसाला ही साखळी आठ तासांत तुटली नाही. याहून चांगली चाचणी पैसे देऊनही झाली नसती.

हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती तोंड धुवायला पाण्याची वाट बघत होती.

२१ जुलै, दुपारी

अलार्म बसवला. कोणी हात लावला की सायरन. कमाल आहे विज्ञानाची.

२२ जुलै

अलार्म वाजला:
७.१०, कबुतर.
७.२५, तेच कबुतर.
९.४०, पाऊस.
१.१५, मी. (धूळ पुसताना.)
२.०५, काकांची झोप लागली होती तेव्हा.
२.२०, काकांची झोप परत लागली होती तेव्हा.
२.२५, काका. (काठीने.)

चोर एकही फिरकला नाही. यंत्रणा शंभर टक्के यशस्वी.

२३ जुलै

बायकोने अलार्मची वायर काढली. कबुतरं नाराज दिसली.

धाकटीचा फोन आला होता. ट्रेनिंग जोरात चालू आहे. टेकडीवरच्या एका आजोबांबद्दल बोलत होती. ऑपरेशननंतर चार महिने पलंगावर होते, तिने उभं केलं, जायच्या आदल्या दिवशी तीन पावलं टाकली त्यांनी. परत आले की लगेच दाराशी नेणार आहे त्यांना, म्हणाली. गाडीची फेरी मारतोस ना, असं मधेच विचारलं. मी म्हटलं, दिवसातून चार फेऱ्या होतात. हे खरंच आहे. गाडीभोवती.

२९ जुलै

इमारतीची मीटिंग. विषय एकच: बाहेरच्या व्यक्तीचं वाहन तीन दिवसांत आवारातून हलवावं. ठराव काकांचा. पाचपैकी पाच बिऱ्हाडांचे हात वर. पाचवं बिऱ्हाड आमचं. बायको केस सारखे करत होती असं मी धरून चाललो आहे.

मला मुळीच वाईट वाटलं नाही. उलट किती दिवस मनात होतं, हे उघड्यावर ठेवणं म्हणजे तात्पुरता उपाय. खरी जागा वेगळीच आहे. ती मला आज मीटिंगमध्येच सुचली आणि मी इतका खुलून हसलो की काकांनी इतिवृत्तात त्याची नोंद घेतली.

३१ जुलै

जागा म्हणजे आमच्याच संग्रहालयाच्या मागचं आवार! पत्र्याची शेड, उंच भिंत, लोखंडी फाटक, चोवीस तास पहारा. चोर तिथे येऊन काय नेणार, साडेतीन टनांची तोफ? अठरा वर्षं रोज त्या शेडसमोरून जातो आहे आणि डोक्यात आलं नाही. हुशार माणसाला जवळचं दिसत नाही म्हणतात ते उगाच नाही.

१ ऑगस्ट, दुपारी १

स्कूटर नेली. चालवत नाही, ढकलत. दोन किलोमीटर. वाटेत पाऊस लागला. छत्री एकच होती, ती गाडीवर धरली. एका हाताने हँडल, एका हाताने छत्री, वर चढ. मागून एक रिक्षावाला पेट्रोल हवंय का विचारत होता. टाकी भरलेली आहे म्हटल्यावर तो बराच वेळ बरोबर चालवत राहिला.

फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. रजिस्टरात नोंद नसलेली वस्तू मुक्कामाला आत येत नाही, असा नियम आहे म्हणाला. नियम मला माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी तो मीच काढला. खालची सही माझी. अंगावरून पाणी गळत असताना मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी त्याच्याशी हात मिळवला. तरी त्याने सोडलं नाही.

मग काय, रजिस्टर आणलं आणि नोंद केली. वस्तू: दुचाकी. कशी मिळाली, या रकान्यात तीनच पर्याय: खरेदी, देणगी, उत्खनन. खरेदी लिहिणं खोटं झालं असतं आणि उत्खनन त्याहून खोटं. देणगी लिहिलं. शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘तात्पुरती’. सीटखाली पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला, सुबक आला. किल्लीला वेगळा क्रमांक.

जीव भांड्यात पडला. सोपं होतं.

९ ऑगस्ट

रोज जेवणाच्या सुट्टीत हातमोजे घालून गाडी पुसतो. ओलीचं रीडिंग उत्तम. काकांनी आज जिन्यात गाठून विचारलं, गाडी कुठे आहे. सुरक्षित आहे म्हटलं. कोणापासून, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांना सगळं सांगत बसायचं नसतं.

२२ ऑगस्ट

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरात लिहावा असा.

संचालकबाई वार्षिक तपासणीला मागच्या शेडमध्ये आल्या. मी सारवासारव करायला पुढे होणार, तेवढ्यात त्या स्कूटरपाशी थांबल्या. वाकून पाहिलं. सीटवर बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. धुळीचा कण नाही. म्हणाल्या, या संस्थेत इतकी जपलेली वस्तू मी पहिल्यांदा बघते आहे.

अठरा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या कानशिलांना घाम आला. मी काहीतरी बोललो. ‘आपली कृपा’ असं काहीतरी.

पुढे म्हणाल्या, वाहतुकीच्या नव्या दालनात चाक आहे, पालखी आहे, जुनी सायकल आहे, आणि पुढे सगळं रिकामं. आजच्या काळातलं काहीतरी हवंच होतं. ही तिथे ठेवा. मी सांगणार होतो की ही तात्पुरती आहे. तोंड उघडलंही. पण मग त्या म्हणाल्या, सहायक अभिरक्षकाची जागा रिकामी आहे आणि त्यासाठी त्यांच्या डोळ्यांपुढे एक नाव आहे. तोंड मिटलं.

असा विचार केला: दालनात तर पाऊसही नाही, ऊनही नाही, कबुतरही नाही. काचेची खिडकी, कॅमेरा, पहारा. धाकटीला वीस तारखेला सांगू. आनंदाने वेडी होईल.

२६ ऑगस्ट

दालनाच्या नियमाप्रमाणे पेट्रोल काढलं, बॅटरी काढली. आगीची भीती म्हणून. बॅटरीला तिसरा क्रमांक.

पाटी मी लिहिली. चारदा लिहिली. शेवटचा मसुदा: ‘दुचाकी. धातू, रबर, प्लास्टिक. लिंबू रंग. शहरातील एका स्त्रीच्या वापरातील. नाव अज्ञात.’ नाव घालता आलं असतं, पण मग नातं निघालं असतं, मग पेन्सिल निघाली असती. शिवाय ‘अज्ञात’ शब्दाला एक खोली आहे.

२ सप्टेंबर

दालन उघडलं. लाल दोरी, वरून दिवा. माझ्या डोळ्यांत पाणी. एक गृहस्थ पाटी वाचून बायकोला म्हणाले, अशीच आपल्या खाली उभी आहे की. बायको म्हणाली, हो, पण ती अशी ठेवलीय का तुम्ही? मी खांबामागे उभा राहून ऐकलं. सगळी मेहनत फळाला आली.

९ सप्टेंबर, सकाळी ९

धाकटी परत आली. अकरा दिवस आधी. ट्रेनिंग लवकर संपवलं म्हणे, पेशंट वाट बघताहेत. असा उतावळेपणा मला मुळीच पटत नाही. ठरलेल्या तारखेला काही किंमत आहे की नाही?

गाडी विचारली. सर्व्हिसिंगला आहे म्हटलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

९ सप्टेंबर, दुपारी

संचालकबाईंना भेटलो. हळूच सांगितलं की नोंद मुळात तात्पुरती आहे, रजिस्टरात पेन्सिलीने लिहिलेलं आहे. त्यांनी कपाटातून एक परिपत्रक काढून पुढे ठेवलं. पेन्सिलीचा शेरा शेरा मानू नये. एकदा दाखल झालेली वस्तू समितीच्या ठरावाशिवाय बाहेर जाणार नाही, मग ती कोणाचीही असो. भाषा पक्की, एक पळवाट नाही. खाली माझी सही.

समितीची बैठक वर्षातून एकदाच होते. या वर्षीची तेवीस सप्टेंबरला.

१२ सप्टेंबर

धाकटीला सांगितलं, पॉलिश चालू आहे. काल सांगितलं होतं, पार्ट मागवलाय. परवा काय सांगितलं ते वहीत लिहायचं राहिलं, त्यामुळे जरा गडबड होते आहे.

रिक्षा टेकडीवर जायला तयार नाहीत, रस्ता उखडलाय. मी माझी सायकल देऊ केली. तिने सायकलकडे पाहिलं, खिडकीतून टेकडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चार पेशंटना तिने फोनवरून व्यायाम सांगितले. आजोबांना फोन ऐकू येत नाही.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी

बायकोने धाकटीला संग्रहालयाचं तिकीट काढून दिलं. माझ्याच बायकोने. जाऊन ये, तुझ्या ओळखीचं आहे तिथे कोणीतरी, असं सांगून.

मी दालनातच होतो, दोरीची उंची मोजत. ती आली, चाक बघितलं, पालखी बघितली, सायकल बघितली. मग थांबली. आधी हसली. खूप हसली, पोट धरून, इतकी की पहारेकरी आत आला. मला हायसं वाटलं, मीही हसायला लागलो. मग ती पाटी वाचायला वाकली.

“दादा,” ती म्हणाली, “अज्ञात?”

तिने हात पुढे केला, नुसता सीटवर ठेवायला. वस्तूला हात लावू नये, असं पहारेकऱ्याने सांगितलं. त्याचं बरोबर होतं. ती बाकावर बसली आणि रडली. मी बाजूला उभा होतो. ओलीचं यंत्र हातात होतं, ते कुठे ठेवावं कळेना.

१५ सप्टेंबर

कामाला लागलो. नोंद रद्द करण्याचा छापील अर्ज आहे, तेवीस तारखेच्या बैठकीत येऊ शकतो. काहीच अवघड नाही. फक्त कारणावर खूण करायची. कारणं तीन: वस्तू नष्ट झाली, वस्तू बनावट आहे, वस्तू भांडारपालाच्या अज्ञानामुळे चुकीने दाखल झाली.

हा तिसरा पर्याय मीच घातला होता, माझ्या आधीच्या भांडारपालाला उद्देशून. तेव्हा फार मजा वाटली होती.

माझ्या बढतीचा विषयही त्याच बैठकीत आहे. तीच समिती, तेच पाच जण.

संकल्प: बनावट सिद्ध करायची.

१६ सप्टेंबर

स्कूटरच्या कंपनीला फोन केला, इंजिनाचा नंबर कळवला. अस्सल आहे म्हणाले. नीट बघा म्हटलं. अभिनंदन केलं त्यांनी माझं, असे जागरूक ग्राहक आजकाल नसतात म्हणून.

नष्ट करण्याचा विचार सात मिनिटं केला.

बढती झाल्यावर पुढच्या वर्षी सहायक अभिरक्षक म्हणून मी स्वतःच हा विषय मांडू शकतो. अधिकाराने. एका वर्षाचाच प्रश्न आहे. धाकटी तरुण आहे.

१८ सप्टेंबर

धाकटी पायी निघाली टेकडीवर. मी रजा काढून तिची बॅग घेतली. तेवढं तरी करू. बॅगेत वजनं असतात हे माहीत नव्हतं. वर पोचायला दीड तास. वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मलाही दम लागल्याने बोलता आलं नाही.

आजोबांचं घर शेवटचं. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. तिने धरलं, मोजत मोजत उभं केलं, पाय थरथरत होते. एक पाऊल टाकलं आणि बसले. जुलैत तीन टाकत होते. सून म्हणाली, तुम्ही नव्हता तर यांनी हट्टाने सोडूनच दिलं.

निघताना त्यांनी धाकटीचा हात धरून ठेवला. “उद्या याल ना?” असं विचारलं.

तिने दुसऱ्या हाताने त्यांची चादर सारखी केली. रोज एकाच पेशंटसाठी तीन तास चालता येत नाही, आणखी चार जण आहेत. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

उतरताना मला फार लाज वाटली. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण उद्या मी याचं काहीतरी वेगळं करीन.

१९ सप्टेंबर, सकाळी १०.१५

तिसऱ्या कारणावर खूण केली. शाईने. सही केली. संचालकबाईंच्या टेबलावर ठेवून बाहेर आलो.

१९ सप्टेंबर, सकाळी १०.४०

अर्थात, याचे फायदे आहेत. एवढी मोठी चूक स्वतःहून कबूल करणारा माणूस समितीने पाहिला नसेल. प्रामाणिकपणाचा परिणाम होणारच. शिवाय सगळे मला ओळखतात. ‘अज्ञान’ शब्द वाचल्याबरोबर त्यांना धक्का बसेल. कोणीतरी उठून म्हणेल, हे आम्हाला मान्य नाही, या माणसाच्या बाबतीत हा शब्द शोभत नाही. चर्चा होईल. मग शब्द सौम्य करतील, ‘नजरचुकीने’ वगैरे, गाडी सुटेल, आणि बढतीही जागेवर. भाषणाची तयारी करतो. फार ताणू नका, मला वाईट वाटत नाही, अशा अर्थाचं.

२३ सप्टेंबर, दुपारी ३

धाकटी सकाळपासून फाटकाबाहेर उभी होती, डोक्यात हेल्मेट, हातात पेट्रोलची बाटली. आत सोडलं नाही, बाटलीमुळे.

बैठक अकराला सुरू झाली. आमच्या समितीचं एका गोष्टीवर कधी एकमत होत नाही. आजही पहिला विषय होता मागच्या शेडमधल्या बादलीचा: तिला बादली म्हणायचं की पात्र. सव्वा तास. दोघे उठून गेले, त्यांना परत आणलं. शेवटी विषय पुढच्या वर्षावर.

मग माझा अर्ज. मी कोपऱ्यात उभा होतो, भाषण खिशात. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि सावकाश मोठ्याने वाचलं: दुचाकी एक, किल्ली एक, बॅटरी एक, भांडारपालाच्या अज्ञानामुळे चुकीने दाखल झाली असल्याने परत करण्यात यावी. वाचून झाल्यावर सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, याबद्दल कोणाला काही शंका आहे का.

कोणालाच नव्हती.